भादव्यापासून दिवाळीपर्यंत : खान्देशात पहिल्यांदाच कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांसाठी

आमच्या चिमी कुत्रीच्या कानात गवताचं कुसळ गेलं ते दसऱ्याच्या दोन दिवस आधी. मळ्याच्या बांधावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि ही बया उंदरामागे त्यात नाक खुपसून फिरत होती. घरी आली ती मान तिरकी करून. दर पाच मिनिटांनी फडफड कान झटकणं सुरू. शेजारचे आबा म्हणाले, "काय व्हयनं रे हिले?" मी म्हटलं, मळ असेल. खोबरेल तेलाचे चार थेंब टाकले आणि मोकळा झालो. चौथ्या दिवशी कानाला वास यायला लागला तेव्हा दवाखाना आठवला. डॉक्टरांनी भूल देऊन चिमट्याने बाहेर काढलं ते नखाएवढं, बाणासारख्या टोकाचं कुसळ. पहिल्याच दिवशी नेली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

पुस्तकातला शरद ऋतू म्हणजे टिपूर चांदणं आणि निवळलेलं पाणी. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारात त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात. दुपारी पारा 35 च्या आसपास, पहाटे पांघरूण शोधावं लागतं. कपाशी बोंडावर, फवारणीचे पंप पाठीवर, बांधावरचं गवत वाळलेलं, गोचीड जोरात, आणि या सगळ्याच्या शेवटी फटाके. नुकतंच पिलू आणलेल्या माणसाला हे दोन महिने कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हे ओळीने लिहितो.

पहिलं काम : कार्ड आणि वजन

लसीचं कार्ड शोधा. सापडलं नाही तर लस झालीच नाही असं धरून डॉक्टरांशी बोला. पिलाची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे रोगांच्या लसी एकाच इंजेक्शनात येतात आणि ठरावीक अंतराने ते पुन्हा द्यावं लागतं. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि माणसालाही होतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर डबक्यातलं पाणी पिणाऱ्या कुत्र्याचं हे इंजेक्शन टाळू नका.

तारीख लक्षात राहत नसेल तर 28 सप्टेंबर धरा. तो जागतिक रेबीज दिन असतो, रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केलेला असतो.

जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी, पिलाला बरंच लवकर लवकर. ते वजनावर ठरतं. घरी वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. आकडा कार्डावरच लिहून ठेवा. पुढे गोचिडाच्या औषधाला तोच लागतो.

दुसरं काम : रोज संध्याकाळी हात फिरवायचा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. यात पैसे लागत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसा, कुत्रं पुढ्यात घ्या आणि नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा. लाड करतो तसा वरवर नको. बोटांची टोकं केसांच्या खाली कातडीपर्यंत गेली पाहिजेत.

मी कानापासून सुरू करतो. कानाची पाळी उलटी करून आत पाहायचं आणि वास घ्यायचा. निरोगी कानाला फारसा वास नसतो. मग गळपट्टा काढून त्याखाली. मग काखा, जांघा, शेपटीखाली. शेवटी पंजे, आणि पंज्यांना सगळ्यांत जास्त वेळ. प्रत्येक दोन बोटांमधली जागा फाकवून बघायची. कुसळ तिथेच घुसतं. त्याचे काटे एकाच दिशेला असतात, त्यामुळे ते आत आत सरकत जातं, मागे येत नाही. बोटांत लालसर गाठ दिसली किंवा कुत्रं एकच पंजा सारखा चाटत बसलं, तर ते केवळ सवयीने चाटतंय असं समजू नका. वर दिसणारं कुसळ हलक्या हाताने काढा. आत गेलेलं उकरायला जाऊ नका, तसंच कानात काडीही घालू नका. ते डॉक्टरांचं काम. लांब केसांच्या कुत्र्याच्या पंज्यांतले केस या महिन्यात कात्रीने बारीक करून घ्या. गोखरू नि आघाडा अडकणं निम्म्यावर येतं.

मग ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असतात, बोटाने दाबल्या की पांढऱ्या होतात आणि एक-दोन सेकंदांत परत गुलाबी. आपल्या कुत्र्याच्या हिरड्यांचा रोजचा रंग तुमच्या डोळ्यांत बसला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. फिकट दिसली की थांबायचं नाही. का, ते पुढच्या कामात येतं.

मांजर एवढा वेळ बसू देत नाही. ती तुमच्या मांडीवर स्वतःहून येईल तेव्हाच जमेल तेवढं उरकून घ्या.

तिसरं काम : गोचीड

पावसाची दमट हवा आणि वर ऑक्टोबरचं ऊन म्हणजे गोचिडाला मेजवानी. नव्या माणसाला वाटतं, गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहतो, म्हणून कुत्रं धुतलं की झालं. तसं नाही. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाला की खाली पडतो, भिंत चढतो आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालतो. जुन्या धाब्याच्या घरात, मातीच्या भिंतीत आणि लाकडी सरांच्या सांध्यात त्याला हवी तेवढी जागा मिळते. नव्या प्लॉटवरच्या घरातही दाराच्या चौकटीमागे आणि पाण्याच्या टाकीखाली तो असतोच. म्हणून उपाय दोन्हीकडे एकाच दिवशी करायचा. कुत्र्याला औषध, आणि त्याची बसायची जागा, अंथरूण, भिंतीच्या फटी साफ. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा, फटी सिमेंटने बुजवा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, अंड्यांतून नवी पिढी निघालेली असते.

अंगावरचा गोचीड काढताना चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही. उदबत्तीचा चटका द्यायचा नाही. बोटांनी चिरडायचा नाही. साबणाच्या पाण्यात नाहीतर स्पिरिटमध्ये टाकायचा. आमच्याकडे पूर्वी रॉकेलच्या वाटीत टाकत, तेही चालेल, पण रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गोठ्यात गुरांच्या गोचिडाचं औषध असतंच आणि कुणीतरी सांगतंच, "तेच लाव थोडंसं." लावू नका. ते गाईम्हशींच्या वजनाच्या हिशेबाने विरघळवायचं असतं, अंदाज चुकला की कुत्रं सुस्त पडतं, थरथरतं, कधी दगावतं. आणि कुत्र्याचं औषध मांजरीला तर मुळीच नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरीत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीला विषासारखं. एकाच घरात दोन्ही असतील तर कुत्र्याच्या मानेवर टाकलेले थेंब वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका. कुत्र्यासाठी महिन्याच्या नाहीतर तीन महिन्यांच्या गोळ्याही मिळतात. थोड्या महाग पडतात, पण गोचीडतापावर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नाहीत.

गोचीडताप म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून रक्तात शिरणारे जंतू, मुख्यतः एर्लिशिया आणि बबेसिया. कुत्रं खायचं सोडतं, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी चहाच्या रंगाची. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणून ताप असं नाही. थर्मामीटर लावा. 103 च्या वर गेलं आणि दोन वेळा जेवण सोडलं तर रक्त तपासून घ्या. उपचार आहेत आणि ते चालतात, पण औषध आठवडे चालतं आणि मध्येच सोडलं तर रोग परत येतो. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं, मालकाला वाटतं झालं. तिथेच घोटाळा होतो.

चौथं काम : शेत आणि खळं

खान्देशातल्या कुत्र्याला विष शहरातल्या कुत्र्यापेक्षा जवळ असतं. फवारणी झालेल्या कपाशीतून कुत्रं गेलं, पंजे ओले झाले, घरी येऊन त्याने ते चाटले, एवढं पुरतं. तोंडातून लाळेची तार, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, अंगाला कंप, जुलाब. असं दिसलं की आपल्या हातात मोजे नाहीतर पिशवी घालून साबण-पाण्याने धुवा, आणि औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन निघा. डॉक्टरांना रसायनाचं नाव हवं असतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बसू नका. त्यात वेळ जातो, शिवाय मिठानेही त्रास होतो.

फवारणीच्या दिवशी कुत्रं घरी बांधा. रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी ठेवू नका. हे सांगावं लागतं, कारण मी असे डबे पाहिलेत, झाडाखाली, पक्ष्यांसाठी ठेवलेले. ठिबकच्या खताच्या टाकीचं झाकणही बंद हवं. ठिबकच्या नळ्या कुरतडणारं पिलू मात्र तुमचं नुकसान करतं, स्वतःचं फारसं नाही. पिलाला चावायला सुती दोर द्या.

बाजरी-मका निघाला की उंदीर घराकडे येतात आणि उंदरांमागे विष येतं. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पोटात गेली की आम्लाशी मिसळून फॉस्फिन वायू होतो. त्यावर उतारा नाही, फक्त धावपळ. असं कुत्रं गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा, त्याच्या उलटीतला वायू तुम्हालाही बाधतो. दुकानात मिळणाऱ्या रंगीत वड्या वेगळ्या. त्या खाल्ल्यावर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग रक्त गोठायचं बंद होतं. त्यावर व्हिटॅमिन के-वन चालतं, पण लक्षण दिसायची वाट न पाहता गेलं तर. मेलेला उंदीर कुत्र्याने तोंडात धरलेला पाहिला तरी फोन करा.

सरकी आणि ढेप गुरांची. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, कुत्र्याच्या हृदयाला ते सोसत नाही. पोत्यांवर झोपू द्या, पोती फोडू देऊ नका.

साप या दिवसांत गवतातून खळ्याकडे सरकतात. चिमी दिवेलागणीनंतर बांधलेली असते, तेवढंच आपल्या हातात. चावलाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर माणसाला देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यालाही लागू पडते. ती कुठल्या दवाखान्यात असते याची चौकशी आधीच करून ठेवा, रात्री अकरा वाजता नको. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. तो मुख्यतः गुरांसाठी आहे, तरी फोनमध्ये असू द्या.

भादव्याची गंमत

भादव्यातलं कुत्रं ही शिवी उगाच पडलेली नाही. पावसाळा सरताना गल्लीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि एरवी शहाणा असलेला तुमचा शेरू कुंपण उडी मारून तीन दिवस गायब होतो. परत येतो तो कान फाटून, लंगडत. जखमा दिसतात तरी, पण जननेंद्रियाची गाठ दिसायला महिने लागतात. संसर्गाने पसरणारा तो एक प्रकारचा कर्करोगच, गल्लीतल्या कुत्र्यांत बराच आढळतो, इंजेक्शनांनी बराही होतो. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. "एकदा तरी वेत होऊ द्यावं" याला वैद्यकीय आधार नाही. अनोळखी कुत्र्याने तुमच्या कुत्र्याला चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला चावलं तरी तेच, आणि हळद-चुना न भरता थेट सरकारी दवाखाना.

पाचवं काम : फिरवणं

पावसाळाभर ओट्यावर लोळून कुत्रं जाड झालेलं असतं. एकदम तासभर पळवू नका. सकाळी सात-आठच्या आत पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी डांबर निवल्यावर तेवढीच, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. डांबर निवलं का ते असं बघायचं : हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवत नाही तर त्यालाही नाही. लोकांना वाटतं वैशाख संपला म्हणजे उन्हाचा धोका संपला. पग, पोमेरेनियन, लॅब यांना ऑक्टोबरची दुपारही जड जाते. जळगावात हस्की आणलेल्यांना मी काही म्हणत नाही, त्यांचं विजेचं बिलच काय ते बोलेल. जीभ बाहेर, लाळ घट्ट, पाय लटपटतात असं झालं तर सावलीत नेऊन पोटावर नि पंजांवर साधं पाणी ओता, पंखा लावा, बर्फ नको, आणि डॉक्टरांकडे चला.

लहान पिलासाठी एक जुना ठोकताळा : वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चाल. चार महिन्यांचं पिलू, वीस मिनिटं. ओट्यावरून उड्या नकोत.

आणि चालणं म्हणजे नुसतं चालणं नव्हे. वीस मिनिटांत दहा मिनिटं त्याला हुंगू द्या. दुपारी बाहेर नेता येत नाही तेव्हा जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळून द्या, ते उलगडण्यात त्याची अर्धी दुपार जाते. मांजरीला दोरीला बांधलेली चिंधी पुरते, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. खेळ झाला की दोरा उचलून ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो.

या दिवसांत केस गळतात, रोज विंचरा. अंघोळ महिन्यातून एकदा पुष्कळ झाली.

सहावं काम : भरीत आणि फराळ

थंडीची चाहूल लागली की मळ्यात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, लसूण, मिरची, पातीचा कांदा, वर शेंगदाणे, आणि केळीच्या पानावर वाढलेलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे. पण जेवण झाल्यावर ती पानं बांधाकडे टाकतात आणि कुत्री ती चाटून पुसून साफ करतात. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मांजरीच्या तर त्याहून लवकर. लगेच काही होत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, धाप लागते, आणि तोवर पार्टी कुणाच्या लक्षातही नसते. पानं खड्ड्यात पुरा. कुत्र्याला वाढायचंच असेल तर फोडणी घालायच्या आधीची नुसती भाकरी, थोडं उकडलेलं चिकन. पिकल्या केळ्याचा तुकडा चालतो, साल नको.

फराळात चिवड्यातले आणि करंजीतले बेदाणे सगळ्यांत वाईट, मूत्रपिंड जाऊ शकतं. मग चॉकलेट, शुगर-फ्री मिठाईत साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल, श्रीखंडातलं जायफळ. पाहुण्यांच्या मुलांना आधीच सांगून ठेवा. मोठी माणसं ऐकत नाहीत, मुलं ऐकतात.

माणसाच्या गोळ्या देऊ नका, हेही इथेच. पॅरासिटामॉलच्या अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

सातवं काम : फटाके

तयारी दसऱ्यापासून करायची, धनत्रयोदशीला नाही. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि त्याच वेळी आवडीचा तुकडा द्यायचा. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा. कुत्रं दचकलं तर परत एक घर खाली. ज्याला गेल्या वर्षी खूप त्रास झाला त्याच्यासाठी आठवडाभर आधी डॉक्टरांकडून औषध घ्या आणि एकदा शांत दिवशी देऊन पाहा.

घरातली आतली खोली ठरवा, रस्त्याकडे खिडकी नसलेली. आमच्याकडे ती धान्याची कोठी. गोधडी, पाण्याचं भांडं, वर सतत आवाज करणारा जुना पंखा. कुत्रं पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका, "काही नाही, काही नाही" म्हणत जवळ बसा. धीर दिल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, गल्ली किती पाळते ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून फिरवणं संध्याकाळी पाचच्या आत उरका, साखळी सैल सोडू नका, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटेचा विसर पडू देऊ नका. अभ्यंगस्नानाच्या वेळी फुटणाऱ्या पहिल्या माळेला दार उघडं असतं आणि त्याच वेळी कुत्री पळतात. गळपट्ट्यावर पक्क्या शाईने फोन नंबर लिहा. हरवलेलं कुत्रं सापडतं ते बहुतेक त्या नंबरामुळेच.

पणत्या मांजरीच्या शेपटीपेक्षा उंच ठेवा. दुसऱ्या दिवशी अंगणातली जळकी कागदं आणि न फुटलेले फटाके कुत्र्याला सोडण्याआधी झाडून घ्या.

शेवटचं

भाऊबीज झाली की धुळ्याकडचा पारा भराभर उतरतो. पोत्यावर गोधडीची घडी, फरशीपासून चार बोटं उंच, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे सकाळी आखडतात, त्याला ऊन आल्यावरच उठवा. आणि या दिवसांत मांजरी उबेसाठी इंजिनापाशी जाऊन बसतात, तेव्हा पहाटे ट्रॅक्टर किंवा गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा.